घराएवढी गाडी चालवायला शिकताना

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा ईदनंतरच्या आठवड्यात आपल्याकडे घरोघरी एकच हिशोब सुरू होतो. माणसं बारा, गाडी पाच जणांची. दोन गाड्या केल्या तर मुलं एकीकडे, खाऊचे डबे दुसरीकडे. नानींना दर तासाला पाय मोकळे करायचे असतात, लहानग्याला दुपारी झोप हवी असते आणि बायकांना वाटेत स्वच्छ बाथरूम मिळेल की नाही याची काळजी असते. त्यामुळे हल्ली बऱ्याच घरांत कॅरावॅनचा विषय निघू लागला आहे. कॅरावॅन म्हणजे झोपायला बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली गाडी. परदेशात मागे जोडून ओढायच्या घराला कॅरावॅन म्हणतात आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घराला मोटरहोम. आपल्याकडे दोन्हींना कॅरावॅनच म्हणतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरावॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून या गाड्या कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत जास्त दिसू लागल्या.

माझ्या धाकट्या दिरांनी अशीच एक गाडी घेतली. आखातातल्या बऱ्याच वर्षांच्या कमाईचा एक भाग त्यांनी तिच्यात घातला. तिथे त्यांनी मोठ्या गाड्या चालवल्या होत्या, त्यामुळे शिकण्यासारखं काही उरलंय असं त्यांना वाटत नव्हतं. पण माझे खालू एसटीत चालक होते, निवृत्त होईपर्यंत घाटातच गाडी चालवली. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बेटा, गाडी छान आहे. आता हिला चालवायला शिकू या." पुढचे सात-आठ आठवडे दीर आणि माझी भाची त्यांच्याकडे शिकले. मी मागच्या सीटवर वही घेऊन बसत होते. त्या वहीतलं, आणि शिक्षिका असल्यामुळे पुढे वाचून-पडताळून घेतलेलं, इथे देते आहे. तुमच्या घरी कॅरावॅन येवो, सतरा सीटरची ट्रॅव्हलर येवो किंवा लग्नासाठी भाड्याची मिनीबस येवो, हे सगळं तिथेही तितकंच लागू आहे.

परवाना आहे, म्हणजे येतं असं नाही

आपल्या कायद्यानुसार एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनांत मोडते. बहुतेक कॅरावॅन ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि या मर्यादेच्या बऱ्याच आत येतात. अशा वजनाची व्यावसायिक गाडीही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे ज्या परवान्यावर तुम्ही छोटी हॅचबॅक चालवता, त्याच परवान्यावर सात मीटर लांबीची गाडीही चालवता येते. ब्रिटनमध्ये असं नाही. १ जानेवारी १९९७ नंतर ज्यांनी तिथे कारची परीक्षा दिली, त्यांना ३,५०० किलोच्या वरचं डिझेल मोटरहोम चालवायचं असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे ती सक्ती नाही, म्हणून शिकण्याची जबाबदारी घरावर येते.

गाडी घेण्याआधी कागदही बघा. साधी ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये बर्थ, गॅस आणि टाक्या बसवून घेतल्या, पण आरटीओच्या नोंदणीत ती अजून प्रवासी गाडीच आहे, असं असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. गाडीतला बदल नोंदणीपुस्तकात आलेला असला पाहिजे. भाड्याने घेत असाल तर नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह भाड्याची गाडी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं नियमात बसत नाही.

पहिला दिवस: टेप आणि खडू

पहिल्या दिवशी खालूंनी किल्ली खिशातच ठेवली. आधी गाडीचं माप घ्यायला लावलं. लांबी सुमारे सात मीटर. रुंदी आरशांसकट अडीच मीटरच्या आसपास. उंची मोजताना छतावरचा एसी, कॅरिअर आणि सोलर पॅनल धरून मोजायचं, कारण फांदीला आधी तेच लागतं. आमच्या गाडीची उंची तीन मीटरला थोडी कमी भरली. तो आकडा मीटर आणि फूट दोन्हींत कागदावर लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवला. रेल्वेपुलाखालचा रस्ता, गावाची कमान, पेट्रोल पंपाचं छत, लग्नाचा मंडप, गल्लीवर लोंबकळणारी वीजतार यांपैकी काहीही समोर आलं की आठवणीवर जायचं नाही, कागदावर बघायचं. रस्त्यावर नव्याने डांबर पडलं असेल, तर पुलावर लिहिलेली उंची तेवढी कमी झालेली असते हेही लक्षात ठेवायचं.

मग दीर चालकाच्या जागेवर बसले. भाची खडू घेऊन गाडीभोवती फिरत होती. ती ज्या जागी उभी राहिल्यावर दिरांना आरशात दिसेनाशी होई, तिथे ती खूण करी. काम संपलं तेव्हा डाव्या बाजूला आणि मागे जमिनीवर मोठे पट्टे आखले गेले होते. त्या पट्ट्यांत उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही. घरातल्या सगळ्या मुलांना ते पट्टे दाखवा. रस्ता सुरक्षेवरच्या भाषणापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहतात.

वळणाचं गणित

मैदानावर पहिलं डावं वळण घेताना मागचं चाक रिकाम्या डब्यावरून गेलं. पुढचं चाक तर डब्यापासून चांगलं लांबून गेलं होतं. दिरांना काही कळेना. हे गणित आपली नववी-दहावीची मुलं सोडवू शकतात.

गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून जातात. पुढचं चाक ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांत ४ मीटर अंतर असेल, तर पायथागोरसप्रमाणे मागच्या चाकाची त्रिज्या ६४ वजा १६, म्हणजे ४८ चं वर्गमूळ. ते सुमारे ६.९३ येतं. याचा अर्थ मागचं चाक १ मीटरहून थोडं जास्त आत येतं. छोट्या कारमध्ये चाकांतलं अंतर अडीच मीटर असतं. तिच्यासाठी हेच गणित केलं तर उत्तर फक्त ४० सेंटिमीटर येतं. कार चालवणाऱ्याच्या हाताला ४० सेंटिमीटरची सवय असते आणि उरलेले सुमारे ६७ सेंटिमीटर म्हणजे फूटपाथवर उभा असलेला माणूस.

म्हणून मोठ्या गाडीने वळताना आधी सरळ पुढे जायचं, चालकाची जागा कोपऱ्याच्या पुढे गेली की मगच स्टीअरिंग फिरवायचं. जागा मिळावी म्हणून वळायच्या आधी गाडी उजवीकडे ओढली, तर डावीकडे पोकळी तयार होते आणि आपल्याकडे त्या पोकळीत दुचाकी शिरतेच. वळण पूर्ण होईपर्यंत डोळे डाव्या आरशात हवेत.

याची दुसरी बाजू म्हणजे शेपटी. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा सुमारे दोन मीटर भाग बाहेर आलेला असतो. गाडी डावीकडे वळली की तो भाग उजवीकडे फेकला जातो. पूर्ण वळणावर हे फेकणं वीतभर असतं. चिंचोळ्या गल्लीत शेजाऱ्याच्या कारचा दरवाजा चेपायला वीतभर पुरे होते.

रिव्हर्स

खालूंचा रिव्हर्सचा पहिला नियम असा: रिव्हर्स घ्यावाच लागणार नाही अशी जागा आधी शोधायची. दुसरा: घ्यावा लागलाच तर उतरून, चालत जाऊन, मागची जागा स्वतः बघून यायची. कॅमेरा असला तरी हे करायचं, कारण कॅमेऱ्याला वरची फांदी आणि बाजूचा नळ दिसत नाही.

तिसरा नियम मागे उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आहे. आपल्याकडे गाडी मागे घ्यायची म्हटलं की चारजण ओरडू लागतात, "आने दो, आने दो." खालूंनी ते बंद केलं. एकच माणूस सांगेल. तो चालकाच्या बाजूला, उजव्या आरशात दिसेल असा उभा राहील, गाडीच्या थेट मागे कधीच नाही. तोंडाने काही बोलायचं नाही, हाताची खूण करायची. दोन्ही हात वर म्हणजे थांबा. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी त्याच क्षणी थांबवायची. आमच्या घरात हे काम भाचीकडे आलं. कारण विचारलं तर खालू म्हणाले, "तिला घाई नसते."

लग्नघरी, वलीम्याच्या मंडपापाशी, जुम्म्यानंतर मशिदीबाहेर, मुलं खेळत असलेल्या अंगणात गाडी हलवायच्या आधी घरातल्या एका माणसाने सगळ्या लहान मुलांना एका जागी बोलावून मोजायचं. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

उजवी-डावी आणि जुनी सवय

आखातात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चालक डावीकडे बसतो. गाडीचा बहुतेक भाग त्याच्या उजवीकडे असतो. इथे आल्यावर तो उजवीकडे बसतो आणि सगळी गाडी डावीकडे असते. मन जुन्या सवयीने जागा घेतं आणि गाडी नकळत डाव्या कडेला सरकते. कारमध्ये ते खपून जातं. रुंद गाडीची मात्र डावी चाकं साईडपट्टीवर उतरतात आणि पावसाळ्यात मातीत रुततात. चाक उतरलंच तर घाबरून स्टीअरिंग झटक्यात उजवीकडे ओढायचं नाही, उंच गाडी त्यानेच उलटते. ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग कमी होऊ द्यायचा आणि मग हळूच वर घ्यायची. सुट्टीवर आलेले भाऊ, दीर, जावई विमानतळावरून थेट स्टीअरिंगवर बसतात. त्यांना दोन दिवस शेजारी बसू द्या. त्यात त्यांचा अपमान नाही.

वजन, वेग आणि थांबणं

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हेही आपण विज्ञानात शिकवतो. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मोजायला लागा. आपण त्या खांबापाशी पोहोचेपर्यंत चार सेकंद झाले पाहिजेत, पावसात त्याहून जास्त.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी भरली की गाडीत दीड माणूस वाढला. अर्धी भरलेली टाकी आणखी त्रास देते. वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला ढकलतं. जड सामान खाली, दोन चाकांच्या मधल्या भागात आणि डावी-उजवीकडे सारखं ठेवायचं. छतावर गाद्या चालतील, तांदळाची पोती नाहीत. एकूण वजनाची मर्यादा नोंदणीपुस्तकात लिहिलेली असते. सगळी माणसं आणि सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी नेऊन बघा.

खाडीच्या पुलावर वारा अंगावर येतो, उंच गाडीची बाजू शिडासारखी तो झेलते. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी ढकलल्यासारखं आणि मग ओढल्यासारखं होतं. दोन्ही हात स्टीअरिंगवर असले आणि वेग कमी असला की हे सांभाळता येतं.

घाट

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट. कोकणातून वर जायचं तर घाट टळत नाही. खालूंचं सूत्र साधं आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतरताना गाडीला इंजिनने धरून ठेवायचं, ब्रेक फक्त अधूनमधून. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिलं तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ऐन वेळी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं हा तर जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टीअरिंगही जड होतं.

वास आलाच तर सुरक्षित, सपाट जागी थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. ब्रेक आपोआप निवू द्या. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याच्या चाकाखाली येतो.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण असतं. मागे रांग लागली तर जागा बघून बाजूला घ्या आणि इतरांना जाऊ द्या. त्यात दोन मिनिटं जातात आणि मागच्याचा धोकादायक ओव्हरटेक टळतो.

चालत्या घरातले नियम

गाडीत बिछाना आहे म्हणून चालत्या गाडीत कोणी झोपायचं नाही. ओटा आहे म्हणून चहा करायचा नाही. गाडी चालू असेपर्यंत प्रत्येक जण सीटवर आणि पट्टा बांधलेला. समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. लहान मूल मांडीवर घेतलं की सुरक्षित असतं, हा समज काढून टाका. जोराचा ब्रेक लागला की आईचे हात त्याला धरू शकत नाहीत.

निघण्यापूर्वी गॅस सिलिंडरच्या तोंडावरची टाकी बंद करायची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून तळाजवळची जाळी चटईने किंवा बॅगांनी झाकू नका. थंडीत गाडी बंद करून आत शेगडी पेटवून झोपणं प्राणघातक आहे, कारण त्या विषारी वायूला वास नसतो.

टायर नवे दिसतात म्हणून चांगले असतीलच असं नाही. कॅरावॅन महिनोन् महिने उभी असते आणि टायर उभ्या उभ्याच म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या की टायर बदला.

चालकाला दर दोन तासांनी उतरवा. दुपारी जेवणानंतर आणि पहाटे झोप सर्वात जास्त येते. रमजानमध्ये रोजा असलेल्या चालकाला असरनंतर थकवा येतो आणि नेमकी तेव्हाच घर गाठायची घाई असते. खजूर आणि पाणी गाडीतच ठेवा, मगरिब झाली की जिथे असाल तिथे बाजूला थांबा. घरच्या दस्तरखानावर पंधरा मिनिटं उशिरा बसलं तर काही बिघडत नाही. मागून "अजून किती वेळ?" विचारणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. चालकाचा वेग बहुतेक वेळा मागच्या सीटवरून वाढवला जातो.

शिकण्याचा क्रम

खालूंचा क्रम असा होता. दोन आठवडे मोकळ्या मैदानात: रिकाम्या डब्यांमधून नागमोडी जाणं, आखलेल्या चौकटीत गाडी लावणं, रिव्हर्स. नंतर पहाटेचा रिकामा रस्ता. मग बाजारपेठ, मग महामार्ग. घाट आधी रिकाम्या गाडीने, नंतर पाण्याचे कॅन भरून. पाऊस आणि रात्र सगळ्यात शेवटी. माणसं सर्वांत शेवटी बसली. तुमच्या ओळखीत निवृत्त एसटी किंवा ट्रकचालक असतील तर त्यांना विचारा. आयुष्यभराचं ज्ञान घेऊन ते ओट्यावर बसलेले असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. नाहीतर जड वाहनांचं प्रशिक्षण देणाऱ्या शाळेत काही तास घ्या. घरातल्या दोघांनी तरी शिकावं, त्यात एक मुलगी असेल तर उत्तम. एकटा चालक दमला तरी थांबत नाही, कारण त्याच्या जागी बसायला दुसरं कोणी नसतं.

शेवटी परीक्षा झाली. खालूंनी मागच्या टेबलावर पाण्याने तीन-चतुर्थांश भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि घाट उतरायला सांगितलं. पाणी सांडलं तर आणखी एक आठवडा सराव. भाची पहिल्याच खेपेला पास झाली, दीर दुसऱ्या खेपेला. त्या पेल्याच्या जागी पुढच्या महिन्यात ऐंशी वर्षांच्या नानी बसणार होत्या आणि ते दिरांना ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. तुमच्याही घरी मोठी गाडी येणार असेल तर निघायच्या तारखेआधी दोन महिने मोजा, आणि पहिल्या दिवशी टेप आणि खडू घेऊन सुरुवात करा.